मासिक हप्तेसाहेबांच्या सेवेसी

श्रीयुत राजमान्य राजेश्री मासिक हप्तेसाहेब,
मुक्काम पोस्ट क्लाउड, यांचे सेवेसी –

लाखांदूर, जिल्हा भंडारा येथून एका हौशी फोटोवाल्याचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

आपली खुशाली विचारत नाही. ती दर महिन्याला बँकेच्या मेसेजमधून कळतेच. पत्रास कारण की, फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरच्या दारात आपण इतकी वर्षे तिष्ठत उभे आहात आणि आपले जाहीर आभार कुणीच मानलेले नाहीत.

कॅमेरा मी एकदाच विकत घेतला. लेन्स एकदाच, ट्रायपॉड एकदाच. एवढ्या महागाच्या वस्तू, पण घरात आल्यावर एकीनेही पुन्हा माझी विचारपूस केली नाही. आपण तसे निष्ठुर नाही. धानाच्या रोवणीचा एक तिरका फोटो सरळ करायला मी आपल्या दारी आलो, तर आपण जन्माचा संबंध जोडायला तयार!

आपण माझ्यावर जो विश्वास टाकलात त्याने तर मी संकोचून गेलो. आपल्याला वाटते, माझ्या खात्यात दर महिन्याला पैसे येतात. साहेब, आमच्याकडे पैसा इंग्रजी महिन्याने येत नाही, धानाने येतो. दिवाळीच्या मागेपुढे कापणी, मग पुंजणे, मग मळणी, मग आधारभूत खरेदी केंद्रावर नंबर, आणि त्यानंतर चुकाऱ्याची वाट. इटियाडोह धरणाचे पाणी पाटाला आले तर उन्हाळी धान. त्याचे पैसे पावसाच्या तोंडावर. बोनस मिळाला तर मिळाला. मधल्या महिन्यांत खाते कोरडे असते, आणि नेमके त्याच महिन्यांत आपले न चुकता येणे होते. सख्खे पाहुणेसुद्धा हंगाम पाहून येतात हो.

बरे, हौसही हंगामीच. आषाढात बांधीत चिखल झाला, पऱ्हे उपटून रोवणी लागली की कॅमेरा बाहेर निघतो. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा आणि दंडार हे लोकनाट्य. थंडीत तलावावर पाहुणे पक्षी. वैशाखात एकदा कॅमेरा कपाटात गेला की पहिला पाऊस पडेपर्यंत मी त्याचे तोंड पाहत नाही. आपण मात्र वैशाखातही तेवढीच रक्कम घेता. न काढलेल्या फोटोंचेही मोल असते, हे मला आपण शिकवलेत.

वडसा आमच्या शेजारी. आमच्या झाडीपट्टी मुलखाच्या नाटक कंपन्यांची कार्यालये तिथे आहेत आणि दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत त्यांचे प्रयोग लागतात. रात्री पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. तिकीट एकदाच फाडतात. दुसऱ्या अंकाआधी गेटवरचा पोरगा पुन्हा हात पुढे करत नाही, आणि नायिका ऐन रडायला लागली असताना पडदा पाडून ‘आपले पेमेंट अयशस्वी झाले’ असेही कुणी जाहीर करत नाही. किती मागासलेला धंदा! आपण एकदा येऊन मार्गदर्शन करावे.

आपले पूर्वज फारच साधे होते, असे ऐकतो. थॉमस आणि जॉन नोल या दोन भावांनी फोटोशॉप लिहिले, अ‍ॅडोबीने फेब्रुवारी १९९० मध्ये त्याची पहिली आवृत्ती विकायला काढली, आणि पुढची वीस-बावीस वर्षे लोक पेटी विकत घेऊन घरी नेत. पेटी स्वस्त नव्हती. २०१२ ची सीएस ६ ही पेटीतली शेवटची; अमेरिकेत तिची किंमत ६९९ डॉलर. मे २०१३ मध्ये कंपनीने सांगितले, आता पेटी नाही. आणि त्याच वर्षी हौशी फोटोवाल्यांसाठी महिना ९.९९ डॉलरची योजना घेऊन आपण अवतरलात. हिशेब केला तर ६९९ डॉलर फिटायला आपल्याला जवळजवळ सहा वर्षे लागतात. म्हणजे सहा वर्षे आपणच स्वस्त! आपल्याविरुद्ध बोलणाऱ्यांनी हा आकडा लपवू नये. फरक एवढाच की सातव्या वर्षी पेटीवाल्याकडे पेटी असते आणि माझ्याकडे आपल्या प्रेमाच्या पावत्या.

वचन कसे द्यावे हेही आपल्या घरी शिकावे. २०१३ मध्येच अ‍ॅडोबीने सांगितले होते की लाइटरूम हे फोटोंचे दुसरे सॉफ्टवेअर मात्र एकरकमी पैसे देऊन बेमुदत मिळत राहील. ऑक्टोबर २०१७ मध्ये कळले की लाइटरूम ६ हीच तसली शेवटची आवृत्ती. बेमुदतची मुदत साडेचार वर्षे भरली. पुढे २० जीबीची ती हौशी योजना जानेवारी २०२५ पासून नव्या गिऱ्हाइकांना बंद झाली, आणि जुन्यांपैकी जे महिन्याच्या महिन्याला भरत होते त्यांचा दर ९.९९ वरून १४.९९ डॉलरवर गेला. जे मुळातच वर्षाचे एकदम भरू शकत होते, त्यांना जुनाच दर. ज्याच्याकडे एकदम पैसे नाहीत त्यानेच जास्त द्यावे, हा न्याय सावकारीत आम्ही पाहिला होता. आपण त्याला अ‍ॅप दिलेत.

फोटोशॉप एलिमेन्ट्स या धाकट्या भावाचेही कौतुक करायला हवे. तो बिचारा अजून एकरकमी मिळतो. २०२५ च्या आवृत्तीपासून फक्त तीन वर्षांसाठी मिळतो, इतकेच.

आपल्या निरोप समारंभाची कीर्ती तर सातासमुद्रापार गेली आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२४ मध्ये अ‍ॅडोबीवर दावा लावला. तक्रार अशी, की करार वर्षाचा आणि हप्ते महिन्याचे. मध्येच सोडणाऱ्याकडून उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम घेण्याची अट नीट दिसणार नाही अशी ठेवली, आणि रद्द करण्याची वाट अवघड केली. कंपनीने आरोप नाकारले. मीही नाकारतो. आपल्यासारखा प्रेमळ माणूस पाहुण्याला उंबऱ्यावर अडवील ते केवळ आग्रहापोटी. माझ्यापुरते सांगायचे तर आपल्या गोतावळ्यातल्या एका अ‍ॅपने ‘रद्द करा’ हे बटण जिथे ठेवले होते तिथे पोहोचेपर्यंत ‘तुम्ही आम्हाला का सोडता?’ असे इतक्या परींनी विचारले, की माहेरी निघालेल्या सुनेलाही एवढे कुणी विचारत नाही.

रिझर्व्ह बँकेलाही आपल्या मायेची कल्पना असावी. ऑक्टोबर २०२१ पासून नियम आहे, की कार्डावरून आपोआप पैसे कापायचे तर किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचे, आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी रक्कम असेल तर त्याचा होकार पुन्हा घ्यायचा. आपण येणार हे एक दिवस आधी कळते, याबद्दल मी बँकेचा ऋणी आहे. घरात आवराआवर करता येते.

व्हेनेझुएलातल्या लोकांना तर आवराआवरीला वेळच कमी पडला असता. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकी सरकारच्या आदेशाचे कारण देऊन अ‍ॅडोबीने त्या देशातली सगळी खाती बंद करण्याचे जाहीर केले. त्याच महिन्याच्या शेवटी सरकारकडून परवाना मिळाला आणि गंडांतर टळले. पण तेवढ्या दिवसांत एका अख्ख्या देशाच्या फोटोवाल्यांना कळले की आपण वापरतो ते सॉफ्टवेअर आपल्या घरात नसतेच. लाखांदूर आणि वॉशिंग्टनचे संबंध सध्या चांगले आहेत. तरी काळजी वाटते.

खोटे बोलत नाही, आपण सोडून गेल्यावरही दयाळू असता. हप्ता थकला तरी लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो दिसतात, बाहेर काढून नेता येतात; पण डेव्हलपचे दालन कुलूपबंद होते. म्हणजे बगळ्याची पांढरी पिसे मी कशी सांभाळली, सावलीतले चेहरे कसे वर आणले, ते सगळे काचेतून पाहायचे. हात लावायचा नाही. आमच्या इकडे संग्रहालय नाही, ती उणीव आपण भरून काढलीत.

आता आपल्या त्या मानसपुत्राविषयी. श्री. क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली फुकट प्रत. आपण त्याला चारचौघांत ओळख देत नाही, पण नाक अगदी आपल्यावर गेले आहे. तालुक्यातालुक्यात डीटीपीचे क्लास निघाले, पोरे फोटोशॉप आणि कोरलड्रॉ शिकली, आणि पेन ड्राइव्हमधून हा चिरंजीव हातोहात घरोघर पोहोचला. ‘फोटो एडिट करणे’ म्हणायच्या ऐवजी लोक ‘फोटोशॉप मारणे’ म्हणायला लागले. एक रुपयाची जाहिरात न करता बोटांना आपल्या घरच्या शॉर्टकटचे वळण लागले. पुढे कुणाचा धंदा उभा राहिला की बोटे वळलेलीच असतात, आपण फक्त बिल पाठवायचे. मुलाने दार उघडायचे, बापाने वसुलीला यायचे. घर असे एकोप्याने चालावे.

हा मुलगा येताना रिकाम्या हाताने येत नाही, हेही नमूद करतो. २०१८ पासून पसरलेले स्टॉप नावाचे खंडणीखोर व्हायरसांचे कुटुंब मुख्यतः फुकट क्रॅकच्या पोटातून जगभर फिरले. फोटोशॉप उघडते, आणि मागाहून फोटो उघडायचे बंद होतात. हार्ड डिस्क वाचवायला डॉलरमध्ये खंडणी मागतात. शिवाय भारताच्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३ ब आहे. संगणक प्रोग्रॅमची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापरली नसेल तर न्यायालय कैद माफ करून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते. हौशी लोकांवर कायद्याने केवढी ही कृपा! एका तिरक्या फोटोसाठी एवढे पुष्कळ झाले.

मराठीची आपण जी सेवा केलीत तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी टाइप केले की पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे येण्याऐवजी उजवीकडे जाऊन बसायची आणि जोडाक्षरांचे पाय मोडायचे. ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहायला जावे आणि हार्दिकला अपघात व्हावा. म्हणून दुकानदारांनी श्रीलिपीसारख्या युनिकोडबाहेरच्या फॉन्टांची वाट धरली. त्या वाटेने लिहिलेले अक्षर चित्रात छान दिसते, पण तेच उचलून मोबाइलवर पाठवा, भलतीच रांगोळी उमटते. नंतरच्या आवृत्त्यांत मराठी जमू लागले. त्यासाठी कित्येक वर्षे सेटिंगच्या तळघरात जाऊन आपण दक्षिण आशियातले आहोत हे आधी कबूल करावे लागत असे.

आणि इथेच, साहेब, मला आपल्यासमोर एका फुकट्याचे नाव घेण्याची आगळीक करावी लागते आहे. गिम्प. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बर्कले विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केले, आणि आजतागायत त्याला कुणी मालक नाही. त्यात मराठी टाइप केले की सरळ मराठीच उमटते. वेलांटी जागेवर, रफार डोक्यावर. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी केलेले मुक्त आणि बालू हे फॉन्टही मोफत. मंडईच्या फोटोवर गावाचे नाव लिहायला एक पैसा लागत नाही, हे आपल्या कानावर घालताना मला वाईट वाटते.

गिम्पचे दोष मी आपल्यापेक्षा जास्त सांगीन. नाव ओबडधोबड, रूप त्याहून. २.१० ही आवृत्ती २०१८ ची आणि ३.० यायला मार्च २०२५ उजाडला. सात वर्षांत आमच्याकडे दोनदा सरकारे बदलतात. मूळ चित्राला धक्का न लावता फिल्टर लावून पुन्हा काढायची सोय इतक्या उशिरा आली. पण त्या सात वर्षांत त्याने मला एकदाही पैसे मागितले नाहीत आणि माझा जुना लॅपटॉप टाकून दे असेही म्हटले नाही.

कॅमेऱ्यातल्या कच्च्या, म्हणजे रॉ फाइलींसाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी ही आणखी दोन बेवारस मुले. डार्कटेबल पहिल्यांदा उघडले तेव्हा इतकी बटणे दिसली, की विमान उडवायचे आहे की बगळा उजळायचा आहे ते कळेना. त्यातली बहुतेक बटणे मी आजही शिवत नाही. पण भर दुपारी रोवणीत उतरलेला बगळा घ्या. काळा चिखल, पाण्यात आभाळ, आणि मधोमध तो पांढराशुभ्र. चिखल दिसावा म्हणून फोटो उजळला तर पक्षी धुतलेल्या चादरीसारखा सपाट होतो, पक्षी सांभाळला तर रोवणाऱ्या बाया अंधारात जातात. रॉ फाइलीत दोन्ही जपून ठेवलेले असते, ते फक्त वर काढावे लागते. आणि ते काम हे फुकटचे प्रकरण चोख करते. वर, काय काय केले त्याची नोंद मूळ फोटोशेजारी एका छोट्या एक्सएमपी फाइलीत लिहून ठेवते. ती फाइल माझ्या फोल्डरात राहते. मी मेलो तर पोराला मिळेल, हप्ता न भरता.

मोबाइलवर स्नॅपसीड आहे, ब्राउझरमध्ये फोटोपी आहे. फोटोपी मूळचे युक्रेनचे, प्रागमध्ये राहणारे इव्हान कुत्स्किर यांनी रचलेले. दिसायला हुबेहूब आपल्या घराण्याचे, त्यामुळे वळलेल्या बोटांना त्रास नाही. कडेला जाहिराती असतात, पण फोटो आपल्याच संगणकात राहतो. हौशी माणसाचे काम ते केवढे? कापणे, सरळ करणे, उजेड-सावली, रंगाचा तोल, आकाशातला तारेचा तुकडा पुसणे, आणि लग्नात दिलेल्या फ्रेमच्या मापाची एक प्रिंट.

फुकटाची मलाही भूल पडलेली नाही. झेरॉक्सच्या दुकानापासून घरच्या अल्बमपर्यंत सगळीकडे चालणारे पिकासा गूगलने २०१६ मध्ये बंद केले. निक कलेक्शन हे फिल्टरांचे गाठोडे त्याच वर्षी फुकट वाटले आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीला विकले. तिथे ते पुन्हा पैशाचे झाले. अफिनिटी फोटो हे संपादनाचे सॉफ्टवेअर आपला कट्टर वैरी होता, एकदाच पैसे घेणारा. त्याची सेरिफ कंपनी २०२४ मध्ये कॅनव्हाने घेतली, आणि ऑक्टोबर २०२५ पासून तो चक्क मोफत झाला. खाते मात्र उघडावे लागते आणि एआयची कामे पैसे भरणाऱ्यांनाच. मालक असलेला फुकट्या केव्हा आपल्या पंक्तीला येऊन बसेल, सांगता येत नाही. म्हणून तूर्त मी बिनमालकाच्यांशी सोयरीक केली आहे.

एआयवरून आठवले. एका बटणात आभाळ बदलून देण्याची आपली सोय पाहून डोळे पाणावले. आमचे आषाढातले आभाळ राखाडी, जड, खाली उतरलेले असते. त्याखाली वाकलेल्या बाया असतात, आणि तो पाऊस येईल की नाही यावर वर्षाचा घास ठरतो. आपण त्या जागी केशरी सूर्यास्त आणि विरळ ढग बसवून दिलेत. फोटो सुंदर झाला. पाऊस गेला.

आपल्यावर माझा वैयक्तिक राग नाही. वडशाकडे नाटकांची पोस्टरे करणारी पोरे आहेत, एका पोस्टरवर डझनभर चेहरे कापून बसवतात, हंगामात रात्री जागवतात. छापखान्याला हव्या तशा फाइली द्याव्या लागतात, घाई असते, कमाईही असते. तिथे आपण खुशाल जावे, बसावे, चहा घ्यावा. हत्यार कमावते असेल तर त्याचे भाडे धंद्याच्या खर्चात जाते. पण ज्याच्या फोटोची एकूण कमाई म्हणजे मामेबहिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला अंगठा, त्याच्याकडून आपण भाडे कशाचे घेता, ते सवडीने कळवावे.

कळवायचे नसेल तरी हरकत नाही. आपल्या वेळेची किंमत मला माहीत आहे. पंचांगापेक्षा ती मला नियमित कळत आली आहे.

लोभ होता तेवढा पुरे, ही विनंती.

आपला भूतपूर्व,
एक हौशी फोटोवाला
लाखांदूर

ता. क. – आपण जाणाऱ्याला दोन महिने फुकट देऊन मागे बोलावता, असे ऐकले. द्यायचेच असतील तर ज्येष्ठ आणि आषाढ द्यावेत. बी-बियाणे आणि खत याच महिन्यांत घ्यावे लागते.